बिनसहीची पत्रं

परराष्ट्र खात्यातल्या नोकरीची बहुतेक वर्षं माझं एक ठाम मत होतं आणि ते मी कधी लपवलंही नाही. राजशिष्टाचार हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असं ते मत. कोणी कुणाच्या उजव्या हाताला बसायचं, कुणाच्या गाडीवर झेंडा लावायचा, विमानतळावर कुणाला घ्यायला कोणी जायचं, यावर शिकल्यासवरल्या माणसांनी तासन्‌तास घालवावेत आणि त्याचा पगार सरकारने द्यावा, हे मला पटत नसे. राजकीय अहवाल, व्यापार, व्हिसा-पासपोर्टची खिडकी ही खरी कामं. बाकी सगळे हारतुरे. आज माझं मत तसं नाही. ते कसं बदललं हे लिहायला बसले, कारण जुने सहकारी भेटले की माझीच जुनी वाक्यं मला ऐकवतात आणि दर वेळी तोंडी खुलासा करून मी दमले आहे.

मी थेट आयएफएस होऊन आलेली अधिकारी नव्हे. कराडहून पुणे, पुण्याच्या अभ्यासिकेतून स्टाफ सिलेक्शन कमिशनची परीक्षा आणि तिथून दिल्लीच्या साउथ ब्लॉकमध्ये असिस्टंट, असा माझा रस्ता. पुढे बढत्या मिळाल्या, त्याही सरकारी गतीने. राजदूत आणि त्यांचे राजकीय अधिकारी दोन देशांचे संबंध सांभाळतात. आमच्यासारखे लोक दूतावास सांभाळतात. जनरेटरचं डिझेल, घरांचे भाडेकरार, नव्या अधिकाऱ्याचा बंदरात पडून राहिलेला कंटेनर, मुलांच्या शाळांची फी, रजेवर जाणाऱ्यांची तिकिटं, दिल्लीहून आलेली डिप्लोमॅटिक बॅग विमानतळावर जाऊन ताब्यात घेणं. परदेशातली नोकरी म्हटलं की आमच्या नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे झुंबरं येतात. माझ्या डोळ्यांपुढे बिघडलेला गीझर येतो.

२०१३ मध्ये अदिस अबाबाला बदली झाली. शहर समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरच्या वर, त्यामुळे सुरुवातीला चॅन्सरीचा, म्हणजे दूतावासाच्या कार्यालयाचा, एक जिना चढला तरी धाप लागायची आणि जुलैच्या पावसात स्वेटर घालून फायली वाचाव्या लागायच्या. तिथलं घड्याळ सूर्याबरोबर चालतं. आपले सकाळचे सहा म्हणजे त्यांचे बारा, मग एक, दोन असं मोजत जायचं. ड्रायव्हर ‘तीन वाजता येतो’ म्हणाला की तो सकाळी नऊला दारात हजर. महिने तेरा, नवं वर्ष सप्टेंबरात, आणि साल आपल्यापेक्षा सात-आठांनी मागे. आम्ही उतरलो तेव्हा तिथे २००५ चालू होतं. सरकारने आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी परत दिलं, असं नवरा म्हणाला. बुधवारी आणि शुक्रवारी ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा उपास, म्हणजे त्या दिवशी साध्यातल्या साध्या हॉटेलातही मांस, अंडी, दूध काहीच नसलेलं ताट मिळणार: इंजेरा नावाच्या तिथल्या आंबट पोळीवर डाळी, भाज्या आणि शिरो. शिरो म्हणजे बर्बरेच्या तिखटात लाल झालेलं पिठलंच. आम्ही शाकाहारी माणसं बुधवारची वाट पाहायला लागलो.

नवऱ्याबद्दल दोन ओळी लिहायला हव्यात. त्याने माझ्यामागे फिरायचं म्हणून बँकेतली नोकरी सोडली. राजनैतिक अधिकाऱ्याच्या जोडीदाराला यजमान देशात पगाराची नोकरी सहसा करता येत नाही. दोन देशांत तसा करार असेल तरच. त्यामुळे तो ओळखपत्रावर ‘स्पाउस’ आणि घरात स्वयंपाकी. मेजवान्यांमध्ये त्याला बसवायचं कुठे, हा यजमानांपुढचा पेच. बहुतेक वेळा तो दोन राजदूतांच्या पत्नींच्या मध्ये सापडायचा आणि घरी येताना कुठली शाळा चांगली, कुठला दंतवैद्य टाळावा, याची खात्रीची माहिती घेऊन यायचा. मी मात्र कुणा सेकंड सेक्रेटरीशेजारी बसून हवामानावर बोलून यायचे. आमच्या घरातली राजनैतिक माहिती बरीचशी त्याच्याकडून आली, हे इथे नोंदवून ठेवते.

अदिसला प्रशासनाबरोबर प्रोटोकॉलही माझ्याच गळ्यात पडलं. म्हणजे दिवसभर नोटा. दूतावासाला यजमान देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाला काहीही कळवायचं असेल तर ‘नोट व्हर्बाल’ लिहायची. ती तृतीय पुरुषात असते. भारताचा दूतावास मंत्रालयास सादर अभिवादन करतो आणि असं कळवण्याचा बहुमान मानतो की… इथून सुरुवात. मधे काम. शेवटी, या संधीचा लाभ घेऊन दूतावास मंत्रालयाप्रति आपल्या अत्युच्च आदराची पुनश्च ग्वाही देतो. हा सगळा अत्युच्च आदर कशासाठी, तर एका अताशेच्या फ्रिजवर जकात लागू नये म्हणून. नोटेवर सही नसते, फक्त आद्याक्षरं आणि दूतावासाचा गोल शिक्का. एकदा शिक्का अर्धवट उठला म्हणून एका कार्यालयाने आमची नोट परत पाठवली. मजकूर वाचता येत होता, कागद आमचा होता, नोट घेऊन गेलेला माणूसही त्यांच्या ओळखीचा होता. मी संध्याकाळभर चिडचिड केली.

त्यात २६ जानेवारीचा समारंभ. सकाळी ध्वजवंदन, राष्ट्रपतींच्या संदेशाचं वाचन, समोसे-जिलेबी; ते मला आवडायचं. संध्याकाळचं रिसेप्शन आवडायचं नाही. शेकडो निमंत्रणं, त्यांवरची ‘हिज एक्सलन्सी’, ‘हर एक्सलन्सी’ अशी संबोधनं तपासायची, राजदूत दारात उभे राहून तास-दीड तास हात मिळवणार, पाहुणे एक पेला घेऊन त्यांच्याच कंपूत उभे राहणार आणि निघताना पुन्हा हात. एवढ्या खर्चात कितीतरी अडलेल्या मजुरांना घरी पाठवता आलं असतं, असा हिशोब मी दर वर्षी मनात करायचे.

माझ्या मताला पहिला धक्का बसला तो रांगेत. अदिसमध्ये आफ्रिकन युनियनचं मुख्यालय आहे. २०१२ मध्ये चीनने बांधून दिलेली ती उंच काचेची इमारत शहरात कुठूनही दिसते. तेव्हा जानेवारीत तिथे राष्ट्रप्रमुखांची शिखर परिषद असायची आणि त्याआधी सगळ्या दूतावासांचे माझ्यासारखे लोक ओळखपत्रांसाठी आणि गाड्यांच्या पासांसाठी रांगा लावायचे. माझ्यापुढे एका बेटराष्ट्राच्या दूतावासातली बाई होती. त्यांच्या अख्ख्या दूतावासात अधिकारी दोनच. राजदूत आणि ती. मी नेहमीप्रमाणे या तमाशावर तोंडसुख घेतलं. बसण्याच्या क्रमावरून, झेंड्यांच्या उंचीवरून एवढी रणं कशाला, वगैरे. तिने ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, “तुम्हाला हे नाटक वाटतं, कारण नाटक नसलं तरी तुमचा देश कुठे आहे हे लोकांना माहीत असतं. आमचा झेंडा इतरांएवढ्याच काठीवर लागतो, तो या नियमांमुळे. नियम काढून टाका, मग आम्हाला कोण विचारतं ते बघू.”

त्या क्षणी मला उत्तर सुचलं नाही, आणि मान्यही करवलं नाही. पण घरी जाऊन मी १९६१ चा व्हिएन्ना करार वाचायला काढला. पूर्वी वाचला होता तो खात्याच्या परीक्षेपुरता. म्हणजे दूतावासाची जागा अनुल्लंघ्य, बॅग उघडायची नाही, जकात माफ, एवढं लक्षात. या वेळी सोळाव्या कलमापाशी थांबले. दूतावासांच्या प्रमुखांमधला ज्येष्ठतेचा क्रम त्यांनी कार्यभार घेतल्याच्या तारखेवरून आणि वेळेवरून ठरतो. नुसत्या तारखेवरून नाही, वेळेवरूनही. देशाची लोकसंख्या, सैन्य, तिजोरी यांचा त्यात कुठेच उल्लेख नाही. अपवाद एकच, पोपच्या प्रतिनिधीला पहिला मान द्यायची ज्या देशांत प्रथा आहे तिथे ती चालू ठेवता येते. सत्तेचाळिसाव्या कलमात तर सरळच म्हटलं आहे की यजमान देशाने देशादेशांत भेदभाव करू नये.

याचा व्यवहारातला परिणाम मजेशीर आहे. वॉशिंग्टनमध्ये १९८८ मध्ये जिबूतीचे राजदूत म्हणून रोबले ओल्हाये आले आणि २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. जिबूतीची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास. पण सगळ्यात जुने म्हणून वॉशिंग्टनमधल्या राजदूतांचे डीन, म्हणजे क्रमात पहिले, ते. ब्रिटन, रशिया, चीन, भारत यांचे राजदूत क्रमात त्यांच्या मागे. त्यांच्यानंतर हा मान गेला पलाऊ या पॅसिफिकमधल्या चिमुकल्या देशाकडे.

हा तारखेचा नियम कुणा सज्जन माणसाच्या डोक्यातून एका रात्रीत आलेला नाही. १६६१ मध्ये लंडनमध्ये स्वीडनचा नवा राजदूत येणार होता. त्याच्या मिरवणुकीत राजाच्या गाडीपाठोपाठ आपली गाडी हवी म्हणून फ्रान्स आणि स्पेनच्या राजदूतांच्या माणसांनी भर रस्त्यात लढाई केली. घोड्यांचे पट्टे कापता येऊ नयेत म्हणून स्पॅनिश लोकांनी आत साखळ्या घातल्या होत्या. माणसं मेली. सॅम्युएल पीप्सने आपल्या रोजनिशीत ते लिहून ठेवलं आहे. चौदावा लुई युद्धाची भाषा बोलू लागला आणि शेवटी स्पेनला नमतं घ्यावं लागलं. दीडशे वर्षं असंच चाललं, तेव्हा कुठे १८१५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत तारखेचा क्रम मान्य झाला. तोवर क्रम म्हणजे बळी तो कान पिळी.

आणि खरं तर मला हे कळायला पीप्सची गरजच नव्हती. १६६६ मध्ये आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांना कुठे उभं केलं आणि ते का संतापले, हे चौथीच्या पुस्तकात वाचून मी वाढले. पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभं करणं म्हणजे तुम्ही राजे नाही, आमचे नोकर आहात, असं न बोलता सांगणं, हे मला दहाव्या वर्षी स्वच्छ समजत होतं. त्याच मुलीने पुढे नोकरीत बसण्याच्या क्रमाला हारतुरे म्हणावं, याचं मला आता नवल वाटतं. कदाचित तोवर आपला देश मोठा झाला होता आणि रांगेत मागे उभं राहण्याचा प्रसंग माझ्यावर आला नव्हता.

जिबूतीचा आणखी एक संदर्भ आहे, आणि तो माझ्या रोजच्या कामातला आहे. तिथे तेव्हा आपला दूतावास नव्हता. अदिसमधले राजदूतच जिबूतीचंही काम पाहायचे. इथिओपियाला समुद्रकिनारा नाही. १९९३ मध्ये एरिट्रिया वेगळा झाला आणि १९९८ मध्ये त्याच्याशी युद्ध पेटल्यापासून इथिओपियाचा बहुतेक सगळा व्यापार जिबूतीच्या बंदरातून होतो, म्हणून न्हावाशेव्याहून निघालेलं आमचं सामानही तिथेच उतरायचं आणि पुढे ट्रकने घाट चढून यायचं. अधिकारपत्रं सादर करायच्या समारंभासाठी मी एकदा राजदूतांबरोबर तिथे गेले होते. अदिसच्या गारव्यातून विमानाने तासाभरात खाली उतरलं की तोंडावर भट्टीची झळ. लाल गालिचा, राष्ट्रगीतं, राष्ट्राध्यक्षांसमोर फ्रेंचमध्ये दोन-चार वाक्यं, मग बंदर, विमानतळ, परराष्ट्र मंत्रालय इथे एकेक शिष्टाचाराची भेट. प्रत्येक ठिकाणी कॉफी, प्रत्येक ठिकाणी व्हिजिटिंग कार्डांची देवाणघेवाण. कामाचं बोलणं जवळजवळ शून्य. परत आल्यावर मी कार्डं रबरबँड लावून खणात टाकली आणि नवऱ्याला म्हटलं, दिवस फुकट गेला.

२६ मार्च २०१५ ला सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालच्या देशांनी येमेनवर हवाई हल्ले सुरू केले. सना आणि एडनमध्ये आपले हजारो लोक अडकले होते. त्यांत रुग्णालयांतल्या केरळी परिचारिका पुष्कळ. भारताने ‘ऑपरेशन राहत’ हाती घेतलं आणि त्याचा तळ ठरला जिबूती. एडनच्या बंदरातून आयएनएस सुमित्राने पहिल्या खेपेत ३४९ जणांना बाहेर काढलं. सनाच्या विमानतळावर रोज थोडाच वेळ उतरायला मुभा मिळायची, तेवढ्यात एअर इंडियाची विमानं लोकांना उचलून जिबूतीला आणायची, आणि तिथून हवाई दलाची सी-१७ विमानं त्यांना मुंबईला नाहीतर कोचीला पोचवायची. अदिसहून काही जणांना मदतीला पाठवलं, त्यांत मी होते.

या कामात माझा वाटा केवढा ते सांगते, म्हणजे गैरसमज नको. जहाजं नौदलाने नेली, गोळीबारातून माणसं खलाशांनी काढली. मी एका हॉटेलच्या खोलीत बसून नोटा लिहिल्या. लष्करी विमान दुसऱ्या देशात उतरवायचं तर परवानगी लागते: विमानाचा प्रकार, क्रमांक, चालक दल, मार्ग, येण्या-जाण्याची वेळ. प्रत्येक विमानासाठी वेगळी नोट, वेळ बदलली की पुन्हा नोट. व्हिसा नसलेली शेकडो माणसं उतरणार, त्यांच्या याद्या आणि पुन्हा नोट. यादीत नावं सारखी बदलायची, कारण जहाजावर कोण चढलं हे जहाज सुटेपर्यंत नक्की कळत नसे. त्यात इतर देशांनीही आपापल्या नागरिकांसाठी भारताला विनंत्या केल्या होत्या, म्हणजे यादीत चार खंडांतली आडनावं.

पहिल्याच रात्री मी सादर अभिवादनाचा परिच्छेद खोडायला निघाले. वेळ कुणाला होता? एका वरिष्ठांनी थांबवलं. म्हणाले, तो राहू द्या, त्याने वेळ वाचतो. मला ते तेव्हा पटलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री पटलं. साचा कायमचा असल्यामुळे लिहिणाऱ्याला विचार करावा लागत नाही आणि वाचणाऱ्याला शोधावं लागत नाही. पलीकडे बसलेला अधिकारी माझ्याइतकाच जागलेला, त्याची भाषा फ्रेंच, माझी इंग्रजी. वरचा परिच्छेद आणि खालचा परिच्छेद त्याला पाठ. डोळे थेट मधल्या चार ओळींवर. मी घाईत मनाने काही लिहिलं असतं तर त्याला ते पूर्ण वाचून, अर्थ लावून, वर कुणाला तरी विचारावं लागलं असतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. एका संध्याकाळी फोनवर माझा आवाज चढला. पलीकडचाही चढला. कारण आता आठवत नाही, बहुधा बसगाड्या. अर्ध्या तासाने त्याच विषयावर नोट गेली आणि तिच्यात ना माझा राग होता, ना त्याचा. दूतावास अभिवादन करत होता, मंत्रालय पोच देत होतं. सही नसण्याचा उपयोग मला त्या दिवशी कळला. सही असती तर ते भांडण माझं आणि त्याचं झालं असतं, आणि ते मिटवायला आमच्यापैकी कुणाला तरी मान खाली घालावी लागली असती. रात्री दोन वाजता विमान उतरायचं असताना माणसांच्या मानापमानाला जागा नसणं ही केवढी सोय आहे!

खणातली ती कार्डंही उपयोगी पडली. कार्डांमुळे माणसं वाचली असं म्हणणं ही फुशारकी होईल. पण बंदरातल्या ज्या साहेबांकडे मी कॉफी पिऊन कंटाळले होते, त्यांना फोन लावल्यावर आपण कोण हे पहिल्यापासून सांगावं लागलं नाही. सुमारे ४,६४० भारतीय आणि ४१ देशांचे ९६० नागरिक त्या मोहिमेतून बाहेर आले. त्या छोट्या देशाने आपला विमानतळ आणि बंदर भारताला वापरू दिलं म्हणून हे शक्य झालं.

यानंतरची गोष्ट वर्तमानपत्रांत फारशी गाजली नाही. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद पदावर आल्यानंतरच्या पहिल्याच परदेश दौऱ्यावर निघाले ते जिबूतीला, आणि मग इथिओपियाला. भारताचे राष्ट्रपती जिबूतीला यापूर्वी कधी गेले नव्हते. २०१९ मध्ये जिबूतीचे राष्ट्राध्यक्ष इस्माईल ओमर गुएले यांना पद्मविभूषण जाहीर झालं. जुनी मी असते तर म्हणाले असते, झालं, आणखी एक मखर. आता मला असं वाटतं की एक देश दुसऱ्या देशाचे आभार मानतो म्हणजे नेमकं काय करतो? त्याला ना पाया पडता येतं, ना डोळ्यांत पाणी आणता येतं. त्याच्याकडे पहिला दौरा कुठे काढायचा, सन्मान कुणाला द्यायचा, कुणाच्या विमानाला कोण सामोरं जाणार, एवढंच असतं. हे ज्याला मिळतं त्याला त्याची किंमत बरोबर कळते. दिल्लीत प्रजासत्ताक दिनाला प्रमुख पाहुणा कोण, यावर जगातले दूतावास अहवाल लिहितात, ते उगाच नव्हे.

माझं मत बदललं म्हणजे सगळंच गोड लागायला लागलं असं मात्र नाही. अदिसमध्ये राहिलेल्या माणसाला तसं म्हणताच येणार नाही. ३० जून १९३६ ला सम्राट हैले सेलासी जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे उभे राहिले. त्यांचा देश इटलीने गिळला होता. व्यासपीठ मिळालं, आपल्या अम्हारिक भाषेत बोलायला मिळालं, शिट्ट्या वाजवणाऱ्या इटालियन पत्रकारांना सभागृहाबाहेर काढण्यात आलं. शिष्टाचारात काही कमी पडलं नाही. आणि पुढच्या महिन्यात राष्ट्रसंघाने इटलीवरचे निर्बंध उठवले. खुर्ची समान असली म्हणून माप समान पडत नाही, हे त्या शहरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. बेटराष्ट्राच्या त्या मैत्रिणीला मी हे एकदा ऐकवलं. ती म्हणाली, खुर्चीच नसती तर तुम्हाला आज हे भाषण माहीत तरी असतं का? यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.

राजनैतिक संरक्षणाबद्दलही माझ्या मनात कटुता आहे. १९८४ मध्ये लंडनमध्ये लिबियाच्या दूतावासातून निदर्शकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात इव्हॉन फ्लेचर ही पोलीस शिपाई मारली गेली आणि आतल्या माणसांना देशाबाहेर जाऊ द्यावं लागलं. यजमान देशाचे कायदे पाळा, असं व्हिएन्ना कराराचं एकेचाळिसावं कलम सांगतं, पण न पाळणाऱ्याला हाकलण्यापलीकडे त्या देशाच्या हातात फारसं काही नाही. एवढ्या मोठ्या गोष्टी सोडा. निळ्या नंबरप्लेटची गाडी कुठेही उभी करून दंडाची पावती फाडून टाकणारे महाभाग मी स्वतः पाहिले आहेत, आणि तेच लोक मेजवानीत आपली खुर्ची एक घर मागे सरकली तर दुसऱ्या दिवशी तक्रार करतात. नवऱ्याचं मत तर अजिबात बदललेलं नाही. त्याच्या मते हा सगळा खेळ नोकरी करणाऱ्यांचा आणि त्याचं बिल बरोबर आलेल्यांच्या नावावर. यातला दुसरा भाग मला खोडता येत नाही.

पण सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. देशादेशांत बरोबरी राखण्यासाठी आम्ही मिनिटांचा हिशोब ठेवतो, आणि दूतावासाच्या भिंतीच्या आत मात्र लोकल स्टाफ. पंधरा-वीस वर्षं एकाच दूतावासात काढलेले ड्रायव्हर, दुभाषे, टेलिफोन ऑपरेटर; दर तीन वर्षांनी बदलणाऱ्या आम्हा भारतातून आलेल्यांना शहर शिकवणारे. ध्वजवंदनाला ते मागे उभे, नाहीतर ट्रे घेऊन फिरत.

माझ्या शेवटच्या नेमणुकीत, देश सांगत नाही, मी एक प्रस्ताव फाइलवर मांडला. २६ जानेवारीला लोकल कर्मचाऱ्यांसाठी एक रांग खुर्च्या ठेवाव्यात आणि त्यांचा क्रम नोकरीत रुजू झाल्याच्या तारखेवरून लावावा, राजदूतांचा लावतात तसा. त्या हिशेबाने पहिली खुर्ची एका माळ्याची येत होती. फाइल वर गेली आणि शेरा घेऊन परत आली: जागेअभावी पुढील वर्षी विचार करावा. पुढच्या वर्षापर्यंत मी निवृत्त होऊन पुण्यात आले. तिथल्या एका सहकाऱ्याने फोटो पाठवला. खुर्च्या मांडल्या होत्या, चक्क नावांच्या पट्ट्यांसकट. झूम करून पाहिलं तर क्रम पगाराच्या श्रेणीने लावलेला, आणि माळी कडेला शेवटच्या खुर्चीत. मी त्याच संध्याकाळी सहकाऱ्याला सोळावं कलम पाठवलं. सही न करता, तृतीय पुरुषात, सादर अभिवादनासह. पोच अजून आलेली नाही. मी दुसरी नोट लिहायला घेतली आहे.